डबीतला स्वर्ग

डॉक्टरांनी तेयोंगला बजावलं, की यापुढे तांदळाच्या पोत्यापेक्षा जड काही उचलायचं नाही.

"आणि तांदळाचं पोतं?" तेयोंगने विचारलं.

"तेही नाही."

हे ऐकून त्याच्या बायकोला, फ्लोराला, पोत्याची काळजी लागली आणि तेयोंगला अँपची. गिटारचा आवाज मोठा करणारी ही लाकडी पेटी त्याच्याकडे लग्नाच्या आधीपासून होती. भरलेल्या कपाटाइतकी जड. तापायला वेळ घ्यायची, आणि दमट हवेत कधीकधी मध्येच रेडिओवरची प्रार्थना ऐकवायची. पण एकदा तापली की असा आवाज द्यायची, की पाणीपुरवठा कचेरीतला सुपरवायझर तेयोंग स्टेजवर उभा राहिला की कुणीतरी वेगळाच माणूस वाटायचा. निदान त्याला स्वतःला तरी. आता याच पेटीने त्याच्या कमरेतली चकती सरकवली होती. पेटी गिमारास बेटावरच्या चुलतभावाकडे गेली. तेयोंगने तिला बोटीच्या धक्क्यापर्यंत पोचवलं. फ्लोरा म्हणते, मुलगी सासरी जाताना सुद्धा हा माणूस इतका रडला नव्हता.

तिच्या जागी आली ती जेवणाच्या डब्याएवढी एक डिजिटल डबी. जगातल्या नामांकित अँपांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल हिच्यात भरलेली आहे, असं खोक्यावर छापलं होतं. पायाने दाबायची तीन बटणं, हाताने फिरवायचे सहा खुंटे आणि तपकिरीच्या डबीएवढा पडदा. याहून भारी डब्याही मिळत होत्या. पण त्यांच्या किमती बघून फ्लोराने नुसतं "अस्सं" म्हटलं होतं. हा शब्द ती कसा म्हणते हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना तेयोंगने स्वस्तातली डबी का घेतली हे वेगळं सांगायला नको.

हेडफोन लावून तेयोंग पलंगाच्या कडेवर बसला. पहिला सूर छेडला आणि त्याचे डोळेच मिटले. सूर नव्हेच तो! कुठल्याशा प्रचंड चर्चमध्ये कुणीतरी रेशमाचा तागा सोडला होता आणि तो उलगडतच चालला होता. त्याने खुंटे फिरवून घुमारा आणखी वाढवला, खर्ज वाढवला, तारसप्तक वाढवलं, वर भरपूर करकर घातली, आणि जमलेल्या आवाजाला नाव दिलं, 'स्वर्ग'. दुसऱ्या दिवशी त्याहून सरस जमला. तो 'स्वर्ग दोन'. मग 'खरा स्वर्ग'. मग 'शेवटचा स्वर्ग'. ख्रिस्ती धर्मात स्वर्ग एकच असल्याची फ्लोराने त्याला आठवण करून दिली, पण त्याच्या कानांवर हेडफोन होते.

तेयोंगच्या बँडचं नाव 'सिग्नल नंबर थ्री'. वादळ अगदी दारात आलं की हा इशारा देतात. औषधांच्या दुकानाची मालकीण पुरिता गायची, गावचे दातांचे डॉक्टर नेस्तोर ड्रम वाजवायचे, आणि गावात वाढदिवस असो की बारसं, बोलावणं त्यांनाच यायचं. तर एका बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत डबीचं पहिलं जाहीर दर्शन झालं. लोक लेचोनच्या, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या डुकराच्या, कुरकुरीत कातडीवर तुटून पडलेले. तेयोंगने डबीची वायर थेट मोठ्या स्पीकरांना जोडली, 'शेवटचा स्वर्ग' लावला, आणि गाण्याच्या ऐन मध्यावर आपला खास तुकडा वाजवायला पुढे झाला.

पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडून डबा विहिरीत सोडला, तर विहिरीच्या तळातून जो आवाज येईल, तो आला. म्हणजे ड्रमच्या आवाजातून जेवढा ऐकू आला तेवढा. बाळ रडायला लागलं. डॉक्टर नेस्तोरांनी तेयोंगकडे असं बघितलं, जसं ते किडलेल्या दाढेकडे बघतात. आणि पुरिता माईकवरूनच म्हणाली, "तेयोंग, तुझा स्पीकर फाटलाय का रे?"

"स्पीकर नाहीच्चे त्याला!" तेयोंग ओरडला. गाणं नेमकं त्याच क्षणी थांबल्यामुळे ही माहिती सगळ्या पाहुण्यांना मिळाली.

त्या पाहुण्यांत बरांगायच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, प्रमुख कापिताना रोसेंदाही होत्या. जाता जाता त्या गोड आवाजात म्हणाल्या, "यंदा फिएस्टाला बँडऐवजी व्हिडिओके ठेवावं असं कमिटीत चाललंय. अजून ठरलेलं नाही हं. बघू."

तेयोंगने पान्सितच्या शेवयांची ताटली बाजूला सारली. गावच्या संताच्या जत्रेला, म्हणजे फिएस्टाला, एवढी वर्षं त्यांचा बँड वाजत आलेला, आणि आता त्या जागी गाण्याचे शब्द दाखवणारा एक टीव्ही! आणि त्याच्यासमोर कोण गाणार? तर मासळीबाजारातला कुणीही! "आपल्याला बाहेर काढलं तर ते तुझ्या डबीमुळे," पुरिताने निरोप घेतला तो या शब्दांत.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कचेरीतल्या कॅशियरने तारा बदलायला सांगितल्या. फ्लोराने डबी बदलायला सांगितलं. पण सल्ल्याच्या बाबतीत मानोंग इस्कोचा हात धरणारा माणूस अख्ख्या पानाय बेटावर नाही. मानोंग म्हणजे दादा, आणि हा दादा समोरच्या घरातला, बोटीवरचा निवृत्त इंजिनिअर. जगातली कुठलीही गोष्ट बिघडली तर तिच्यासारखी एक गोष्ट त्याने रॉटरडॅमला दुरुस्त केलेली असते.

"मुळात चूक काय झाली सांगू?" मानोंग इस्को न बोलावता खुर्ची ओढून बसला. "अँपची नक्कल आहे ना ही? मग नकलेला अस्सल जोडीदार लागतो. माझ्याकडे एक जुना अँप पडलाय. त्याला जोड."

जोडला. आता गिटार जाड गोधडीच्या आतून बोलायला लागली.

"बघ, माश्या गेल्या!" मानोंग इस्को म्हणाला.

"माश्या गेल्या, पण गिटारही गेली ना, मानोंग!"

मानोंग इस्कोने डबीचं माहितीपत्रक अर्ध्या तासात वाचून काढलं आणि निकाल दिला. डबी अँपबरोबर त्याच्या स्पीकरचीही नक्कल करते. अँपला स्वतःचा स्पीकर असतोच. म्हणजे एकावर एक दोन स्पीकर झाले, म्हणून गोधडी. तेव्हा डबीतली स्पीकरची नक्कल बंद करायची. बंद केली, आणि काय सांगावं, आवाज खरंच उघडला! तेयोंगने मानोंग इस्कोला मिठी मारली. दोघांनी त्या आनंदात बाचोयचे, म्हणजे शेवयांच्या सुपाचे, दोन-दोन वाडगे संपवले.

शनिवारी बँडचा सराव होता. अँप जड म्हणून तेयोंग नुसती डबी घेऊन गेला आणि ती थेट मोठ्या स्पीकरांना जोडली. अँप नाही, आणि स्पीकरची नक्कल तर बंद करून ठेवलेली. बाप्तिस्म्याच्या वेळी निदान माश्या विहिरीच्या तळाशी होत्या. आता त्या थेट कानात शिरल्या.

"मी एक दाढ काढतो तेव्हाही असाच आवाज येतो," डॉक्टर नेस्तोर म्हणाले. "फक्त तेव्हा लोक मला पैसे देतात."

हा अपमान पचवून तेयोंग घरी आला, तर डबीच्या पडद्यावर सूचना: नवीन सुधारणा उपलब्ध आहे. सुधारणा म्हटल्यावर त्याला मोह आवरला नाही. रविवारी सकाळी त्याने डबी कॉम्प्युटरला जोडली. सुधारणा होता होता वीज गेली. वीज आली तेव्हा डबी चालू झाली, पण तिची सगळी अक्षरं चिनी झाली होती.

"शांघायला मी आठ वेळा गेलोय," मानोंग इस्को म्हणाला. तो आलेलाच होता. "आण इकडे."

"तुम्हाला चिनी येतं, मानोंग?"

"कामापुरतं." चष्मा कपाळावर चढवून त्याने पडद्यावरचं एक अक्षर निरखलं. "हे 'भाषा'. शंभर टक्के."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. मानोंग इस्कोने मोठ्या आत्मविश्वासाने त्याचंही उत्तर दिलं. डबी विझली, पेटली, आणि इंग्रजीत म्हणाली, की स्वागत आहे, आपली डबी अगदी नव्यासारखी झाली आहे. पहिला स्वर्ग, दुसरा स्वर्ग, खरा स्वर्ग, शेवटचा स्वर्ग, सगळे पुसले गेले.

"भाषा आली ना पण?" मानोंग इस्को म्हणाला.

तेयोंगने डबी खाली ठेवली. मागच्या अंगणात जाऊन तो बराच वेळ केळीच्या झाडाकडे बघत उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याने स्वर्ग आठवून आठवून पुन्हा उभे केले. पण एक गोष्ट आता त्याच्याही लक्षात आली होती, की हेडफोनमधला आवाज आणि स्टेजवरचा आवाज यांची एकमेकांशी ओळखच नाही. आवाज मोठा झाला की त्याचा स्वभाव बदलतो. (माणसांचंही तसंच होतं, कापिताना रोसेंदांना निवडणुकीआधी ओळखणारे हे सांगतील.) म्हणजे स्टेजसाठी आवाज जुळवायचा तर तो स्टेजइतका मोठा करूनच जुळवायला हवा. तेव्हा त्याने बँडचे दोन स्पीकर घरी आणले, स्पीकरची नक्कल आठवणीने सुरू केली, आणि रोज संध्याकाळी बैठकीत कामाला लागला. फ्लोरा बहिणीकडे राहायला गेली.

चौथ्या दिवशी बरांगायच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तक्रार होती. तक्रारदार, शेजारच्या मानांग कोन्सेहो.

मानांग म्हणजे ताई, आणि या ताई म्हणजे चर्चच्या गायनवृंदाच्या बाई. एवढी वर्षं त्यांनी अख्ख्या गावाला सुरात आणण्याचा प्रयत्न केलेला, आणि तो अजून सोडलेला नव्हता. लहानपणी तेयोंगही त्यांच्या वृंदात होता. "तू नुसते ओठ हलव, बाळा," असं त्याला त्यांनी प्रेमाने सांगितलं होतं.

तेयोंगने ठरवलं, की कायद्याने लढायचं. मोठ्याने वाजवण्याचा परवाना असतो, असं त्याला कळलं. ऑफिसातली सेक्रेटरी म्हणाली, "असतो की. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांची संमती आणा."

"एका बाजूला तक्रारदार आहेत. त्या कशा देतील?"

"मग दुसऱ्या बाजूची आणा."

"दुसऱ्या बाजूला बांबूचं बन आहे."

"बांबूच्या मालकाची आणा."

"ते कॅनडात आहेत!"

"मग त्यांना आवाजाचा त्रास नसणार," सेक्रेटरी समजुतीने म्हणाली, "पण सही लागेल."

अखेर सुनावणी झाली. कापिताना रोसेंदा टेबलामागे, डोक्यावर पंखा घरघरतोय, बाकांवर पुढच्या खटल्याची माणसं बसलेली. त्यांचा खटला झुंजीच्या कोंबड्याचा होता आणि कोंबडाही हजर होता. मानोंग इस्को साक्षीदार म्हणून आला होता. कुणाच्या बाजूने, हे त्याने अजून उघड केलं नव्हतं.

तेयोंग तयारीने उभा राहिला. "कापिताना, आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. पण कलेसाठी..."

"मोठा?" मानांग कोन्सेहो मध्येच म्हणाल्या. "मोठ्या आवाजाची तक्रार कुणी केली? मी चाळीस माणसांच्या वृंदासमोर उभी राहते. माझी तक्रार आवाज *वाईट* आहे म्हणून आहे."

कोंबड्याने मान वाकडी केली.

"वाईट म्हणजे?" कापितानांनी विचारलं. नियमांच्या पुस्तकात वाईट आवाजाला कलम नव्हतं.

"ऐका म्हणजे कळेल."

पुरावा ऐकल्याशिवाय निकाल देता येणार नाही, असं कापितानांनी जाहीर केलं. तेयोंग अंगाचा तिळपापड होत घरी गेला आणि डबी-गिटार घेऊन आला. कुत्र्यांना इंजेक्शन देण्याच्या तारखा ज्या भोंग्यांवरून सांगतात, ते भोंगे दाराशी होते आणि आत दोन बरे स्पीकर होते. मानोंग इस्कोने त्यातल्या त्यात बऱ्यांना डबी जोडली. तेयोंगने नवा 'शेवटचा स्वर्ग' लावून वाजवलं.

कोंबडा बाकाखाली गेला.

"बघा!" मानांग कोन्सेहो म्हणाल्या. "आधी तो घुमारा काढ. न्हाणीघरात वाजवतोयस का?"

"मानांग, त्याच्यामुळेच तर..."

"काढ म्हणते ना!"

एकावन्न वर्षांच्या सुपरवायझरने खुंटा फिरवला.

"आता ती करकर. अर्धी कर. अजून. अजून, तेयोंग, लोभ सोड जरा!"

करकर गेली तशी तेयोंगला आपले कपडे उतरवल्यासारखं वाटायला लागलं. मानांग कोन्सेहोंनी डोळे मिटून ऐकलं. "आता कळलं. वर सोप्रानो आहेत, खाली बास आहेत. आल्टो आणि टेनर कुठायत? मधली सगळी माणसं सुट्टीवर गेलीत. त्यांना बोलाव."

"मधली पट्टी वाढवली तर शेंबडा आवाज येतो!" तेयोंग जवळजवळ रडकुंडीला आला.

"एकट्याला ऐकलास तर येईल. तू एकटा वाजवणार आहेस का? खर्ज ड्रमवाल्याला दे, तारसप्तक पुरिताला दे. तुझी जागा मध्ये आहे. आपल्या जागी उभं राहायला शीक."

"खर्ज कमी करा, मानोंग तेयोंग," बाकावरून कोंबड्याचा मालक म्हणाला.

"जास्तच आहे," त्याचा प्रतिवादी म्हणाला. इतका वेळ ते दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय," मानोंग इस्को म्हणाला.

तेयोंगने दात-ओठ खात खर्ज उतरवला, मधली पट्टी चढवली आणि सगळ्यांची एकदाची खोड मोडावी म्हणून जोरात एक सूर छेडला. सूर भिंतीवर आदळला, परत आला आणि सरळ छातीत घुसला. डबा नाही, विहीर नाही. गिटार. पंख्याच्या घरघरीतून, बाहेरच्या ट्रायसिकल-रिक्षांच्या फटफटीतून स्वच्छ ऐकू येणारी गिटार. तेयोंग थबकला. त्याने तोच सूर पुन्हा छेडला. या वेळी जोर नव्हता.

"हं," मानांग कोन्सेहो म्हणाल्या.

कापितानांनी निकाल दिला: तेयोंगने आवाज वाढवावा, घुमारा वाढवू नये. फिएस्टाला बँडच राहील. आणि कोंबड्याच्या लोकांनी पुढे यावं. पण कोंबड्याचे लोक आपसात खर्जावर बोलत होते, त्यामुळे त्यांना दोनदा बोलवावं लागलं.

फिएस्टाच्या संध्याकाळी चौकात स्टेज बांधलेलं, पताका लागलेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या टेनिस कोर्टापर्यंत गेलेल्या. सगळं सुरळीत झालं असतं, तर लोकांना हा आमचा फिएस्टा आहे हेच कळलं नसतं. दुसऱ्या गाण्याला डबीचा वीजप्लग सैल झाला आणि ती तीनदा विझली. मानोंग इस्को स्टेजवर चढला आणि प्लग अंगठ्याने दाबून, रॉटरडॅमच्या गोदीत उभा असल्यासारखा, उरलेला कार्यक्रमभर उकिडवा बसून राहिला. लोकांनी त्याचेही फोटो काढले.

मग तेयोंगच्या खास तुकड्याचं ते गाणं आलं. पुरिताने कडवं संपवलं आणि माईकपासून बाजूला झाली. तेयोंग पुढे झाला आणि वाजवायला लागला.

आवाज चौकभर पसरला. ड्रमच्या पोटातून, पुरिताच्या श्वासांतून वाट काढत गिटार शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली. खाणाऱ्यांचे हात थांबले. डॉक्टर नेस्तोरांनी मान वर करून बघितलं, आणि त्या बघण्यात दाढ नव्हती. बहिणीकडून परत आलेली फ्लोरा पहिल्या रांगेत होती. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. एवढे महिने तेयोंगने जे ऐकायला जिवाचं रान केलं होतं, ते अखेर त्याला ऐकू येत होतं. प्रत्येक सूर न् सूर.

आणि तिथेच घोटाळा झाला. कारण प्रत्येक सूर न् सूर म्हणजे प्रत्येक. तुकड्याच्या मध्यावर एक अवघड उतार होता. तेयोंग तो वर्षानुवर्षं घसरगुंडीवरून यावं तसा उतरत आलेला. पूर्वी पेटीच्या गडगडाटात ते कुणाला कळायचं नाही, नंतर घुमाऱ्यात कळायचं नाही. खुद्द तेयोंगला कळलेलं नव्हतं. आज कळलं. तिसरं बोट उशिरा पोचलं, एक सूर गाळला गेला, दुसरा शेजारच्या सुरावर पडला, आणि हे सगळं त्या सुंदर, स्वच्छ, मधल्या पट्टीतल्या आवाजात चौकातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जसंच्या तसं पोचलं.

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. पुरिताने त्याच्या पाठीवर थाप मारली. कापिताना हसल्या. बाचोयच्या गाडीवाल्याने तर "मानोंग तेयोंग, आज गिटार बोलली!" म्हणून ओरडून सांगितलं. पण तेयोंगचं लक्ष दुसऱ्या रांगेत होतं. तिथे मानांग कोन्सेहो टाळ्या वाजवत होत्या. थांबल्या, आणि त्यांनी आपला उजवा हात वर करून तिसरं बोट हळूच हलवून दाखवलं.

"कंबर मोडली, पेटी गेली, चार स्वर्ग गेले," घरी जाताना तेयोंग फणफणत म्हणाला, "आणि एवढं करून माझा आवाज चांगला झाला, तर आता मलाच वाजवता येत नाही म्हणे!"

"असं कोण म्हणालं?" फ्लोराने विचारलं.

"बोट म्हणालं."

सकाळी फ्लोरा अंगण झाडायला बाहेर आली, तर तेयोंग पायरीवर बसून गिटार वाजवत होता. डबी नाही, वायर नाही, नुसतं लाकूड आणि तारा. तोच उतार, पुन्हा पुन्हा. तिला ऐकू येण्यासाठी झाडू थांबवावा लागला.

"यंत्र नाही जोडलंस आज?"

"नको," तो मान वर न करता म्हणाला. "जरा चुपचाप वाजवू दे. कुणाला ऐकू जायला नको."

त्याने उतार पुन्हा घेतला. तिसरं बोट पुन्हा उशिरा पोचलं.

"अजून हळू घे!" कुंपणापलीकडून मानांग कोन्सेहोंचा आवाज आला.

तेयोंगने डोळे घट्ट मिटले. मोठा श्वास घेतला. आणि अजून हळू घेतलं.